गाडी वाढली, ड्रायव्हर एकटाच

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतला रात्रीच्या खासगी बसचा धंदा कुणा बड्या भांडवलदाराने उभा केलेला नाही. तो घराघरांनी उभा केला आहे. थोरल्याने वडापची जीप चालवली, तिच्या पैशांतून टेम्पो ट्रॅव्हलर आली, मग कुणाकडून तरी हप्त्यासकट उचललेली जुनी बस, मग पतसंस्थेच्या कर्जावर नवी चेसिस आणि तिच्यावर बांधून घेतलेली २ बाय १ स्लीपर. धाकटा बुकिंगला बसला, मेव्हणा मुंबईच्या पिकअपवर उभा राहिला आणि पहाटे परतलेल्या गाडीतल्या चादरी घरातल्या बायकांनी धुतल्या. त्या चादरींचा खर्च कुठल्याही वहीत नाही. आपल्या वाचकांपैकी अनेकांची घरे अशीच वर आली आहेत, आणि या धंद्याच्या वाढीवर लिहायचे तर त्या घरांचा मान ठेवूनच लिहायला हवे.

ही वाढ झाली तीही फार अरुंद वाटेने. १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली, त्याआधी गावोगावी सर्व्हिस मोटारी होत्या आणि त्या बहुतेक एकेका घराच्या होत्या. १९५० चा रस्ते वाहतूक महामंडळ कायदा आला, १९५६ मध्ये जुन्या मोटार वाहन कायद्यात राष्ट्रीयीकरणाचे प्रकरण घातले गेले, आणि टप्पे वाहतुकीतून खासगी मालक हळूहळू बाहेर पडला. एसटीने जे केले ते खासगी मालकाच्या हातून झाले नसते, हे इथे स्पष्ट म्हणायला हवे. पाटण खोऱ्यातल्या वाडीला किंवा जतच्या पूर्व भागातल्या गावाला रोजची गाडी देणे हा नफ्याचा व्यवहार नव्हताच. १ जुलै १९८९ पासून १९८८ चा मोटार वाहन कायदा लागू झाला आणि कंत्राटी परवान्यावर आपल्या गाड्यांना रस्ता मिळाला. त्या परवान्याचा अर्थ, वाटेत प्रवासी न घेता ठरलेला गट ठरलेल्या ठिकाणी नेणे, आणि आपले रोजचे तिकीट, या दोहोंत केवढे अंतर आहे हे आरटीओलाही ठाऊक आहे आणि आपल्यालाही. २०१८ मध्ये राज्य सरकारने खासगी बसचे भाडे एसटीच्या दीडपटीपर्यंत असावे असे ठरवले. म्हणजे सरकारने आपल्याला प्रत्यक्षात मार्गावरची बस म्हणून ओळखले, कागदावर मात्र आजही आपण कंत्राटीच आहोत. या प्रश्नावर या पानातून पुन्हा लिहावे लागेल. आज विषय दुसरा आहे.

आपला प्रवासी कोण, याचे उत्तर इथल्या मालकाला झोपेतही देता येईल. पाटण, ढेबेवाडी, जावळीकडची माणसे माथाडी म्हणून मुंबईला गेली. त्यांच्यासाठी लढणारे अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातलेच, आणि माथाडी कायदा १९६९ चा. त्या घरांची दुसरी, तिसरी पिढी आज नवी मुंबईत आहे. खानापूर-आटपाडीचे गलाई व्यावसायिक देशभर पांगले. शिराळा, वाळव्याची पोरे पुण्यात आयटीत आहेत. ही सगळी माणसे जत्रेला, गणपतीला, दिवाळीला आणि मयतीला गावी येतात. पालीचा खंडोबा, म्हसवडचा सिद्धनाथ, मांढरदेवची काळुबाई, पुसेगावची सेवागिरी यात्रा, हे आपले सीझन आहेत. रात्री साडेअकराला फोन येतो की वडील गेले, दोन सीट पाहिजेत, आणि मालक स्वतःच्या घरच्यासाठी राखलेल्या सीट देतो. कुठल्याही ॲपवर असे बुकिंग होत नाही. एसटीचा संप ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू होऊन एप्रिल २०२२ पर्यंत चालला, तेव्हा या भागात लोकांची ये-जा ज्यांनी चालू ठेवली त्यांत आपलेही नाव आहे.

मग अडते कुठे? घराचा मूळ पुरुष स्वतः ड्रायव्हर होता. त्याला गाडीच्या आवाजावरून लायनर कळायचा, कुठे डुलकी येते ते माहीत असायचे आणि झोप आली तर गाडी बाजूला घ्यायची मुभा होती, कारण गाडी त्याचीच होती. दोनाच्या पाच गाड्या झाल्या, पाचाच्या बारा, आणि स्टिअरिंगवर पगारी माणूस बसला. मालकाचा अनुभव त्याच्याबरोबर गाडीतून उतरला. पगारी माणसाला गाडी बाजूला घ्यायची मुभा नाही. सकाळी सातला बोरिवलीला लागलीच पाहिजे, नाहीतर प्रवासी ॲपवर एक स्टार देतो आणि मालक फोनवर दोन शब्द ऐकवतो.

एका रात्रीचा हिशोब मांडू. सांगलीहून रात्री दहाला गाडी सुटते. इस्लामपूर करून पेठ नाक्याला महामार्गाला लागते, कराड, सातारा इथले प्रवासी घेते. साताऱ्याहून पुण्याकडे येताना खंबाटकीचा बोगदा लागतो आणि बोगद्यातून बाहेर पडताच उतारावरचे ते वळण, जिथे किती गाड्या उलटल्या हे या रस्त्यावर चालणाऱ्या कुणाला सांगायला नको. तिथवर दीड-पावणेदोन होतात. पुढे शिरवळ, कात्रज, नवले पूल, द्रुतगती मार्ग, सायन, आणि उपनगरांतले एकेक पिकअप रिकामे करत बोरिवली. चारशे किलोमीटरच्या आसपास, नऊ-दहा तास, स्टिअरिंगवर बहुतेक वेळा एकच माणूस. दुपारी तो गाडीच्या डिकीत नाहीतर मधल्या गल्लीत चादर टाकून पडतो. मुंबईच्या उन्हात पत्रा तापलेला असतो, क्लीनर गाडी धूत असतो, फोन चालू असतो. रात्री परतीची फेरी पुन्हा त्याच्याच हाती.

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती असे माप घालून दिले. पाच कामगार असलेल्या धंद्यालाही तो लागू होता. दोन स्लीपर गाड्या नीट माणसे ठेवून चालवल्या तरी तो आकडा भरतो. आता नव्या कामगार संहिता आल्या, तरी आठ तासांचे माप हललेले नाही. जीपीएसवर मालकाला गाडीचा वेग दिसतो, स्पीड गव्हर्नरने तो बांधताही येतो. ड्रायव्हर किती झोपला हे मात्र कुठल्याच स्क्रीनवर येत नाही.

गाडीच्या आतही एकदा बघावे. मागच्या आपत्कालीन दारासमोर पार्सलची थप्पी लागलेली असते. द्राक्षाच्या हंगामात पेट्या, एरवी हळदीची पोती, मोटारसायकलचे टायर. काच फोडायची हातोडी चोरीला जाते म्हणून क्लीनर ती तारेने घट्ट बांधून टाकतो. आगीत ती तार कोण सोडणार? ८ ऑक्टोबर २०२२ ला नाशिकमध्ये खासगी बस जळाली, १२ माणसे गेली. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर बुलढाणा जिल्ह्यात बस दाराच्याच बाजूवर उलटली, पेटली आणि २५ माणसे आतच राहिली. दोन्ही गाड्या रात्रीच्या, लांब पल्ल्याच्या, आपल्यासारख्याच धंद्यातल्या. त्या बातम्या वाचून आपल्यापैकी किती जणांनी दुसऱ्या दिवशी आपल्या गाडीचे मागचे दार स्वतःच्या हाताने उघडून पाहिले?

वाढीचे उदाहरण म्हणून आपल्या व्यवसायात हुबळीच्या विजय संकेश्वरांचे नाव नेहमी निघते, आणि ते निघावेच. गदगच्या छपाईच्या धंद्यातल्या घरातला हा माणूस १९७६ मध्ये एका ट्रकवर सुरू झाला, प्रवासी बस आणली १९९६ मध्ये. त्यांच्या पिवळ्या नावाच्या गाड्या आपल्या महामार्गावरून रोज रात्री जातात. २०१५ मध्ये त्यांची कंपनी शेअर बाजारात आली. पण आपण त्यांच्या गाड्या मोजतो आणि तिथेच थांबतो. मला जास्त मोलाचे वाटते ते हुबळीजवळ वरूरला उभे केलेले त्यांचे वर्कशॉप. बॉडी तिथे, दुरुस्ती तिथे, सुटे भाग तिथे. मालकाच्या डोक्यात असलेली गाडीची जाण त्यांनी एका जागेत उतरवली, म्हणून शंभरावी गाडीही पहिल्या गाडीसारखी निघू शकली. आणि २०२२ मध्ये त्यांनी बसचा धंदा बाजारातल्या कंपनीतून काढून २३० कोटींना घरच्याच दुसऱ्या कंपनीकडे द्यायचे ठरवले. मालवाहतूक भागधारकांकडे राहिली, बस घराकडे आली. बसचा धंदा कुटुंबाच्या हाती राहण्यात काही कमीपणा आहे असे मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. तेवढे वर्कशॉप आपल्यातल्या आठ-दहा गाड्यांच्या घराला परवडणार नाही. पण ड्रायव्हरची विश्रांती एका जागेत उतरवणे परवडेल, आणि ती जागा आपल्याच जिल्ह्यात आहे.

ती जागा म्हणजे शिरवळ. सांगली-बोरिवली मार्गाचा जवळपास मध्य. रात्री दहाच्या सुमारास दोन्ही टोकांहून सुटलेल्या गाड्या पहाटे दोन-अडीचला याच टापूत असतात. सांगलीकडून आलेल्या ड्रायव्हरने तिथे अर्धा तास पाठ टेकावी आणि मुंबईकडून आलेली गाडी घेऊन परत फिरावे. मुंबईचा माणूस सांगलीची गाडी घेऊन मुंबईला जाईल. दोघांचेही स्टिअरिंगवरचे तास आठाच्या आसपास राहतात, पाच तासांच्या आत विश्रांती मिळते, आणि मुख्य म्हणजे दोघेही दिवसा स्वतःच्या घरी झोपतात, डिकीत नाही. पहाटे तीन ते सहा हा झोपेचा सर्वांत वाईट वेळ त्यांना तरीही गाठणारच, म्हणून तो अर्धा तास चहाच्या टपरीवर न जाता खाटेवर जायला हवा. पैशाचे गणितही जमते. दोन गाड्यांना दोन-दोन ड्रायव्हर ठेवले तर चार पगार होतात. या पद्धतीत सांगलीचा एक, मुंबईचा एक आणि सुट्टीच्या दिवसाला एक, अशा तिघांत भागते. मुंबईकडच्या माणसाची अडचण आपल्याला तरी पडू नये, पाटण-जावळीची निम्मी घरे नवी मुंबईतच आहेत.

एसटी वर्षानुवर्षे वाटेतल्या आगारांत ड्रायव्हर बदलत आली आहे. आपल्याकडे हे होत नाही, कारण माझी गाडी माझाच माणूस चालवणार ही आपली वृत्ती. ज्या घराच्या दोन्ही बाजूंनी स्वतःच्या गाड्या आहेत त्याला अडचण नाही. पण एका गाडीचे मालक या पट्ट्यात कितीतरी आहेत. त्यांना दुसऱ्या घराच्या ड्रायव्हरवर गाडी सोपवावी लागेल. त्यासाठी लायसन्स, बॅज, जुने अपघात यांची नोंद दोन्ही मालकांकडे हवी, विमा कंपनीला दोघांची नावे लेखी कळवलेली हवीत, आणि डिझेल व गाडीची झीज कुणाच्या खात्यात जाईल याचा करार कागदावर हवा. तोंडी भरवशावर दोन भाऊ वेगळे झालेले आपण पाहतो, मग दोन घरे तोंडी भरवशावर कशी चालतील?

सातारा आणि सांगली दोन्हीकडच्या वाहतूकदार संघटनांना आमची विनंती आहे. दिवाळीचा सीझन लागण्याआधी एकत्र बसा. शिरवळच्या आसपास दहा खाटा, पंखा, स्वच्छ संडास आणि गाड्या लावायला जागा, एवढी एक खोली वर्गणीतून भाड्याने घ्या. सुरुवातीला चारच मालकांनी एक महिना या पद्धतीने गाड्या चालवाव्यात. डिझेल, पगार, उशिराने पोचलेल्या फेऱ्या, ब्रेकडाऊन आणि ड्रायव्हरचे स्वतःचे म्हणणे यांची वही ठेवून ती आमच्याकडे पाठवावी. ती जशी असेल तशी, तोट्यासकट, आम्ही पुढच्या अंकात छापू.