राजाश्रय आणि पराक्रम

रुमानियाचे फुटबॉल प्रशिक्षक अँगेल योर्दानेस्कू यांच्या कारकिर्दीचा हिशेब मांडताना एक आक्षेप हटकून पुढे येतो. ‘स्टेआवा बुखारेस्ट’ हा लष्कराचा संघ, हुकूमशहा चाउसेस्कू यांचे पुत्र व्हालेंटिन त्याचे पाठीराखे. मग अशा संघाच्या कर्तृत्वाचे कौतुक ते काय करावयाचे? आक्षेप निराधार नाही. १९८८ च्या रुमानियन चषकाच्या अंतिम सामन्यात अखेरच्या क्षणी पंचांनी गोल नाकारताच योर्दानेस्कू यांचा संघ मैदान सोडून गेला, आणि तरीही चषक त्यालाच बहाल झाला! राजवट बदलल्यावर, १९९० मध्ये, संघाने त्यावरील हक्क सोडला.

परंतु सत्तेचा हा वरदहस्त देशाच्या सीमेपाशी संपत होता. ७ मे १९८६ रोजी सेव्हिल येथे बार्सिलोनाविरुद्ध युरोपीय चषकाचा अंतिम सामना झाला, तेव्हा कर्णधार स्टोइका निलंबित होता. सहप्रशिक्षक योर्दानेस्कू वयाच्या ३६ व्या वर्षी उत्तरार्धात स्वतःच मैदानात उतरले. १९८१–८२ च्या हंगामात देशात सर्वाधिक गोल करणारा हा आघाडीचा खेळाडू त्या दिवशी गोल करू शकला नाही. सामना गोलशून्य राहिला आणि गोलरक्षक डुकाडाम याने बार्सिलोनाच्या चारही पेनल्टी अडवून चषक जिंकून दिला. पुढे मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांनी १९८९ मध्ये संघाला पुन्हा अंतिम फेरीत नेले. तेथे मिलानने ४–० असा धुव्वा उडविला, हेही नमूद करावयास हवे.

खरी कसोटी राजाश्रय नष्ट झाल्यावरची. १९९४ च्या विश्वचषकात, ३ जुलै रोजी पासाडेना येथे, रुमानियाची गाठ अर्जेंटिनाशी पडली. गोल करणारा हुकमी खेळाडू राडुचोयू पिवळ्या कार्डांमुळे अपात्र ठरलेला. ज्यांनी स्वतः आघाडीवर हयात घालविली, त्या योर्दानेस्कू यांनी त्या जागी दुसरा आघाडीवीर उभा केला नाही. मधल्या फळीतील डुमिट्रेस्कूला पुढे धाडले. त्याने पहिल्या १८ मिनिटांतच दोन गोल केले, तिसरा हाजीने केला आणि सामना ३–२ असा जिंकला. माराडोना त्या दिवशी खेळत नव्हता हे खरे. पण बाटिस्टुटा आणि रेडोंडो होतेच. उपांत्यपूर्व फेरीत स्वीडनने पेनल्टींवर रुमानियाला बाद केले.

१९९६ च्या युरोपीय स्पर्धेत तिन्ही सामने गमावले. सौदी अरबस्तानात मात्र अल हिलाल (२०००) आणि अल इत्तिहाद (२००५) या दोन संघांना त्यांनी आशियाई विजेतेपद मिळवून दिले. तेथे चाउसेस्कूंचे नाव कोणाच्या कामी येणार होते? २०१४ मध्ये राष्ट्रीय संघाची धुरा तिसऱ्यांदा त्यांच्याकडे आली. २०१६ च्या युरोपीय स्पर्धेत तो संघ पहिल्याच फेरीत गारद झाला आणि ते पदही गेले.