पुलाचा हिशेब लोकांपुढे हवा

सार्वजनिक पुलाचे लोकार्पण एका दिवसात उरकते. बांधकाम मात्र वर्षानुवर्षे चालते आणि शासन व नागरिक यांचा खरा संबंध त्या वर्षांतच येतो. काम कुठवर आले, पैसा कोठून आला आणि कोठे गेला, रस्ता कधी बंद राहणार, उशीर झाला तर कशामुळे, या प्रश्नांची उत्तरे ज्याच्या करातून पूल उभा राहतो आहे त्याला न मागता मिळाली पाहिजेत. हे शक्य आहे का, असा प्रश्न आपल्याकडे नेहमी विचारला जातो. अमेरिकेतील लॉस एंजेलिसजवळच्या आर्केडिया शहरात फ्रीवेवरून लाइट रेल नेणारा एक पूल उभा आहे. तो कसा बांधला गेला, हे महाराष्ट्रातील वाचकांनी आणि त्याहून अधिक राज्यकर्त्यांनी समजून घेण्याजोगे आहे.

लॉस एंजेलिस हे मोटारगाडीला वाहिलेले महानगर. पासाडेना ते लॉस एंजेलिस हा तिथला पहिला फ्रीवे १९४० मध्ये खुला झाला. त्याआधी संपूर्ण परिसरात पॅसिफिक इलेक्ट्रिक कंपनीच्या लाल विद्युतगाड्यांचे जाळे होते. फ्रीवे वाढत गेले तशा या गाड्या एकेक करून बंद झाल्या आणि १९६१ मध्ये शेवटची लाल गाडी धावली. पुढची जवळजवळ तीन दशके या प्रचंड वस्तीत शहरी रेल्वे नव्हती. १९९० मध्ये लाँग बीचपर्यंतची लाइट रेल सुरू झाली, तेव्हा रुळांचे पुनरागमन झाले. २००३ मध्ये युनियन स्टेशन ते पासाडेना ही गोल्ड लाइन धावू लागली. तिचा तेव्हाचा पूर्वेकडचा शेवटचा भाग २१० क्रमांकाच्या फ्रीवेच्या मधोमध, दुभाजकाच्या जागेतून जातो. सिएरा माद्रे व्हिया हे अखेरचे स्थानक दोन्ही बाजूंनी धावणाऱ्या मोटारींच्या मध्ये होते, आणि मार्ग तिथेच थांबला होता.

पुढे जायचे तर फ्रीवे ओलांडणे भाग होते. सांता फे रेल्वेची जुनी जागा फ्रीवेच्या मध्यातून बाहेर पडून दक्षिणेकडच्या गावांमधून जात होती. तिथला जुना रेल्वेपूल जानेवारी १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपात कमकुवत झाला आणि त्या मार्गावरची रेल्वे वाहतूक बंद पडली. रुळांची जागा सार्वजनिक मालकीत होती, पुढची शहरे रेल्वेसाठी आग्रही होती. अडसर होता तो मोटारींनी भरलेल्या पूर्वेकडे जाणाऱ्या मार्गिकांवरून पलीकडे जाण्याचा. एवढा एक दुवा जोडला गेला नसता, तर पुढची सर्व स्थानके कागदावरच राहिली असती.

पैशाचा प्रश्न मतपेटीतून सुटला. नोव्हेंबर २००८ मध्ये लॉस एंजेलिस परगण्यातील मतदारांनी ‘मेजर आर’ हा प्रस्ताव दोन-तृतीयांशांहून अधिक मतांनी मंजूर केला. एका डॉलरच्या खरेदीमागे अर्धा सेंट जादा विक्रीकर तीस वर्षे द्यायचा आणि त्यातून वाहतुकीची कामे करायची, असा तो प्रस्ताव होता. जागतिक मंदीने अर्थव्यवस्था हादरली असताना लोकांनी स्वतःवर कर लादून घेतला. याचे एक कारण असे की, कोणत्या प्रकल्पाला किती रक्कम जाईल याची यादी मतदानाआधीच त्यांच्यासमोर होती. पासाडेना ते अझुसा या साडेअकरा मैलांच्या विस्ताराचा वाटा ७३.५ कोटी डॉलर होता. करदात्याने आधी आकडा वाचला आणि मग होकार दिला. पुढे या कामाचा पाठपुरावा करण्याचा त्याचा अधिकार या होकारातूनच आला.

काम कोणी करायचे, हेही स्पष्ट होते. राज्याच्या विधिमंडळाने १९९८ मध्ये कायदा करून या मार्गासाठी स्वतंत्र बांधकाम प्राधिकरण स्थापन केले होते. मार्ग बांधायचा आणि चालवण्यासाठी तिथल्या मेट्रो वाहतूक संस्थेच्या हाती द्यायचा, एवढेच त्याचे काम. त्यामुळे उशीर झाला तर दुसऱ्या खात्याकडे बोट दाखवण्याची सोय त्याला नव्हती. या प्राधिकरणाने एक शहाणपणाचा निर्णय घेतला. सर्वात अवघड दुवा त्याने सर्वात आधी हाती घेतला. फ्रीवेवरच्या पुलाचे कंत्राट उरलेल्या मार्गापासून वेगळे काढले. आराखडा आणि बांधकाम या दोन्हींची जबाबदारी स्कान्स्का यूएसए या एकाच कंपनीवर टाकली आणि १.८६ कोटी डॉलर हा खर्च जाहीर केला. २०१० मध्ये काम सुरू झाले आणि डिसेंबर २०१२ मध्ये ५८४ फूट लांबीचा, दुहेरी रेल्वेमार्गाचा पूल तयार झाला. पुढचा मार्ग तेव्हा अजून पूर्ण व्हायचा होता. तो सप्टेंबर २०१५ मध्ये ठरल्या मुदतीत आणि ठरल्या खर्चात मेट्रोकडे सोपवण्यात आला. मार्च २०१६ मध्ये गाड्या अझुसापर्यंत धावू लागल्या.

वाहत्या रस्त्यावर पूल ओतणे म्हणजे काय, हे आपल्याकडच्या कोणत्याही साइट इंजिनीअरला सांगावे लागणार नाही. खाली वाहने धावत असतात आणि वर सेंट्रिंग उभारून, सळया बांधून, काँक्रीट ओतून, ते पुरेसे पक्के झाल्यावर सगळा सांगाडा पुन्हा उतरवायचा असतो. त्यातला प्रत्येक टप्पा खालून जाणाऱ्या माणसाच्या जिवाशी निगडित असतो. म्हणून मार्गिका बंद करण्याची कामे रात्री घेतली गेली. कोणत्या रात्री, किती वाजता आणि कोणता पर्यायी रस्ता, हे आधी प्रसिद्ध केले गेले. आसपासच्या शहरांत बैठका झाल्या, कामाची माहिती आणि छायाचित्रे नियमितपणे दिली गेली. पाया, खांब, गर्डर, सेंट्रिंग उतरवणे असा एकेक टप्पा रोज त्या रस्त्याने जाणारा सामान्य माणूस ओळखू शकत होता. कामाच्या ढिलाईवर यापेक्षा मोठा अंकुश कोणत्याही तपासणी पथकाला आणता येत नाही.

या पुलाची आणखी एक बाजू आहे. अँड्र्यू लेस्टर या कलावंताला इथे बांधकामानंतर रंगरंगोटीसाठी बोलावलेले नव्हते. पुलाच्या रूपाची मूळ कल्पनाच त्याची, आणि अभियंत्यांनी त्याच्याबरोबर काम करून ती उभी केली. खांबांच्या माथ्यावर सुमारे २५ फूट उंचीच्या विणलेल्या टोपल्यांचा आकार आहे. या खोऱ्यातील मूळ रहिवाशांच्या बुरूडकामाच्या परंपरेला तो मानवंदना देतो. पुलाच्या तळाची नक्षी सापाच्या अंगावरील खवल्यांची आठवण करून देते. सार्वजनिक वास्तू स्वस्त आणि मजबूत असावी, हे खरे. पण तिच्याखालून रोज जाणाऱ्या हजारो लोकांच्या नजरेचाही तिच्यावर हक्क आहे. आपल्या शहरांतले मेट्रोचे खांब आज जाहिराती आणि पोस्टर यांच्या हवाली झालेले दिसतात. स्थानिक कारागिरी आणि शिल्पकला यांना पुलाच्या आराखड्यातच जागा देता येते, हे आर्केडियाने दाखवले आहे.

या उदाहरणात काहीच उणे नाही, असे मात्र नाही. फ्रीवेच्या मधोमध रेल्वे बसवण्याची किंमत तिथे मोजावी लागली आहे. मालमोटारी दुभाजकाचा कठडा तोडून रुळांच्या बाजूला घुसल्याचे प्रकार घडले आणि कठडे नव्याने, अधिक भक्कम उभारण्याचे काम मेट्रोला हाती घ्यावे लागले. वाढत्या खर्चापासूनही सुटका झाली नाही. अझुसाच्या पुढे माँटक्लेअरपर्यंत जाण्याचा मूळ बेत निविदा येताच आवाक्याबाहेर गेला. तेव्हा कामाचे टप्पे पाडून पोमोनापर्यंतचा भाग आधी घेण्यात आला. तो ९.१ मैलांचा टप्पा सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाला आणि लाँग बीचची लाइन व गोल्ड लाइन जोडून झालेला लाँग बीच ते पोमोना हा सुमारे ५८ मैलांचा मार्ग जगातील सर्वात लांब लाइट रेल मार्ग मानला जाऊ लागला. माँटक्लेअरच्या नागरिकांना मात्र वाट पाहावी लागत आहे. पण का वाट पाहावी लागत आहे, हे त्यांना माहीत आहे. पारदर्शकतेमुळे अडचणी नाहीशा होत नाहीत. त्या वेळेवर उघड होतात आणि निर्णय लोकांसमोर घ्यावा लागतो.

आता आपल्याकडे पाहू. आर्केडियाचा पूल बांधला जात होता, त्याच वर्षांत मुंबईत अंधेरी येथे पश्चिम द्रुतगती महामार्गावरून पहिल्या मेट्रोचा पूल बांधला जात होता. वर्सोवा ते घाटकोपर या मार्गाची पायाभरणी २००६ मध्ये झाली आणि गाडी ८ जून २०१४ रोजी धावली. २,३५६ कोटी रुपयांचा प्रकल्प ४,३२१ कोटींवर गेल्याचा दावा कंपनीने केला आणि वाढीव खर्चाचा व भाड्याचा वाद न्यायालयांत व लवादांत वर्षानुवर्षे चालला. सामान्य प्रवाशाला या वाढीचा टप्प्याटप्प्याचा हिशेब बांधकाम चालू असताना कधीच पाहायला मिळाला नाही.

कौशल्य आपल्याकडे नाही, असे कोणी म्हणू नये. नागपुरात वर्धा रस्त्यावर उड्डाणपूल आणि मेट्रो एकाच खांबावर पेलणारा तीन किलोमीटरहून अधिक लांबीचा दुमजली पूल उभा आहे. गड्डीगोदाम येथे रस्ता, रेल्वे, उड्डाणपूल आणि मेट्रो अशी चार थरांची रचना आपल्याच अभियंत्यांनी साकारली. उणीव आहे ती एकत्रित नियोजनाची आणि उघडपणाची. पुण्यात विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल २०२० मध्ये पाडावे लागले, कारण ते बांधताना मेट्रो कोठून जाणार याचा विचार झाला नव्हता. अंधेरीचा नवा गोखले पूल फेब्रुवारी २०२४ मध्ये अंशतः खुला झाला, तेव्हा शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाशी त्याची उंची जुळत नसल्याचे सगळ्या मुंबईने पाहिले. दोन पुलांच्या उंचीचे आराखडे आधीपासून लोकांसमोर असते, तर एखाद्या जागरूक रहिवाशाने किंवा निवृत्त अभियंत्याने ही चूक कधीच दाखवून दिली असती.

आणि मग माणसांचे जीव. समृद्धी महामार्गावर शहापूर तालुक्यात सरलांबे येथे ३१ जुलै २०२३ च्या रात्री पुलाच्या कामावरील गर्डर आणि लाँचर कोसळून २० जणांचा बळी गेला. त्यांतले अनेक जण पोटासाठी परराज्यांतून आलेले होते. अशा प्रत्येक दुर्घटनेनंतर चौकशी समिती नेमली जाते. समितीने काय शोधले आणि त्यानंतर कामाच्या पद्धतीत काय बदलले, हे मात्र मृतांच्या घरच्यांना आणि उद्या त्याच यंत्राखाली उभ्या राहणाऱ्या मजुरांना क्वचितच कळते. उघडपणाची मागणी करतो ती केवळ पैशासाठी नाही. कामगाराच्या सुरक्षिततेचा तोच पहिला आधार आहे.

यावर ठरलेले उत्तर येते की, आपल्याकडची दाट वस्ती, भूसंपादनाचे खटले, पावसाळा आणि जमिनीखालच्या अज्ञात वाहिन्या यांमुळे तुलना करू नये. या अडचणी खऱ्या आहेत. पण त्यांतली एकही अडचण कामाची स्थिती दर तीन महिन्यांनी जाहीर करण्याच्या आड येत नाही. आपल्या राज्याने खासगी बिल्डरांसाठी ही शिस्त केव्हाच लागू केली आहे. स्थावर संपदा कायद्यानुसार मे २०१७ पासून काम करणाऱ्या महारेरात गृहप्रकल्पांची नोंदणी करावी लागते, पूर्णत्वाची तारीख द्यावी लागते आणि कामाची प्रगती दर तिमाहीला संकेतस्थळावर टाकावी लागते. घर घेणाऱ्याला हा हक्क मिळाला हे उत्तमच झाले. मग हजारो कोटींच्या सरकारी पुलासाठी पैसे देणाऱ्या करदात्याला तोच हक्क का नको? माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम शासनाला २००५ पासूनच स्वतःहून माहिती जाहीर करायला सांगते. गरज आहे ती अंमलबजावणीची.

म्हणून आमची मागणी साधी आहे. मेट्रो, उड्डाणपूल आणि महामार्ग यांच्या प्रत्येक मोठ्या कामासाठी मूळ खर्च, सुधारित खर्च, वाढीचे कारण, मुदत, झालेले काम आणि जबाबदार अधिकाऱ्याचे पद ही माहिती दर तिमाहीला मराठीत प्रसिद्ध करण्याचे बंधन राज्य सरकारने घालावे. एकाच ठिकाणी दोन यंत्रणा काम करत असतील, तर त्यांचे आराखडे काम सुरू होण्यापूर्वी एकत्र प्रसिद्ध व्हावेत. रस्ता बंद करण्याची सूचना पुरेशी आधी मिळावी. अपघाताच्या चौकशीचा अहवाल ठरावीक मुदतीत विधिमंडळाच्या पटलावर यावा. यासाठी नवे महामंडळ नको आणि मोठा निधीही नको; इच्छा मात्र हवी.

नागरिकांचेही एक कर्तव्य आहे. आर्केडियाच्या लोकांनी मत दिले, कर भरला आणि नंतर कामावर नजर ठेवली. आपणही आपल्या रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या खांबाबद्दल विचारले पाहिजे आणि नगरसेवकाला व आमदाराला मुदतीची आठवण करून दिली पाहिजे. उत्तर मिळाले नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज केला पाहिजे. बिल्डरला लावलेला नियम सरकारने येत्या अधिवेशनात स्वतःला लावून घ्यावा.