पेटीतला दाढीचा साबण

मैत्रिणींनो, पंचवटीतल्या एका भगिनीनं विचारलं आहे : "मामंजींना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला. उजवा हात अजून चालत नाही. दाढी वाढली की ते कुणासमोर यायला तयार नसतात. हल्लीचा डब्यातला फेस त्यांना नको असतो. त्यांच्या पेटीत दाढीच्या साबणाची जुनी वडी निघाली, वीस-पंचवीस वर्षांची तरी असेल. तीच हवी म्हणून हट्ट धरून बसलेत. वापरली तर चालेल का?"

प्रश्न साबणाचा दिसतो खरा, पण आहे म्हाताऱ्या माणसाच्या मानाचा. म्हणून आज स्वयंपाकघर जरा बाजूला ठेवू या.

आधी वडी पारखून घ्या. साबण दुधासारखा नासत नाही, पण त्यातला तेलाचा अंश हवेनं खवट होऊ शकतो. खवट खोबऱ्यासारखा वास आला किंवा वडीवर तपकिरी, चिकट डाग दिसले, तर मोह सोडा. नुसता सुगंध उडाला असेल, वर भेगा पडल्या असतील, तर हरकत नाही. वरचा पातळ थर सुरीनं खरवडून टाका. थोडा फेस त्यांच्या कोपराच्या आतल्या बाजूला लावून धुवा आणि एक दिवस थांबा. लाली, खाज नसेल तरच गालाला लावा. आणखी एक : जुने दाढीचे साबण पुष्कळदा प्राण्यांच्या चरबीचे असत. ज्यांच्या घरी याचा कटाक्ष आहे, त्यांनी वेष्टन असल्यास वाचून घ्यावं.

"मग अंगाचाच साबण का नको?" असं तुम्ही म्हणाल. अंगाचा साबण मुख्यतः कॉस्टिक सोड्याचा. दाढीच्या साबणात कॉस्टिक पोटॅशही घालतात, त्यामुळे तो पाण्यात चटकन विरघळतो. शिवाय त्यात स्टिअरिक आम्लाचं प्रमाण जास्त, त्यामुळे फेस दाट होतो आणि टिकतो. अंगाच्या साबणाचे बुडबुडे मोठे; पातं गालाच्या मध्यावर येईस्तोवर विरूनही जातात!

अशीच एक जुनी वडी मिळवून मी घरी करून पाहिली. यजमान बिचारे दोन दिवस निमूटपणे बसले. पहिल्या दिवशी मुद्दाम बोअरचं पाणी घेतलं. फेस आला तसा बसला आणि वाटीच्या कडेला दह्यासारखा साका जमला. दुसऱ्या दिवशी तीच वडी, तोच ब्रश, पण पाणी नळाचं. फेस कसा, तर ताज्या लोण्यासारखा! बोअरच्या जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून साका करतात, फेसाला साबण उरतच नाही. आपल्या नाशिकला नळाला गंगापूर धरणाचं पाणी येतं. पण नव्या वसाहतींत पुष्कळ ठिकाणी टाकीत बोअरचंही पाणी मिसळतं. तेव्हा दाढीपुरतं नळाचं तांब्याभर पाणी वेगळं भरून ठेवा. बोअरचंच असेल तर उकळून, निवळून वरचं घ्या. थोडा तरी फरक पडतो.

आता कृती. रामकुंडावर क्षौर करणारे नाभिक बंधू तुम्ही पाहिले असतील. वस्तरा लावण्याआधी ते केस पाण्यानं चांगले भिजवून चोळतात. खरं काम पाणीच करतं. भिजलेला केस फुगतो, मऊ होतो. म्हणून कोमट पाण्यात पिळलेला पंचा दोन-तीन मिनिटं गालांवर ठेवा. नाशिकच्या पौषातल्या थंडीत तर हे हवंच. वडीवर चमचाभर कोमट पाणी घालून पाच मिनिटं राहू द्या, मग ते ओतून टाका. ब्रश भिजवून झटका आणि वडीवर गोल गोल फिरवा. मग स्टीलच्या वाटीत थेंब थेंब पाणी घालत घोटा. ब्रश वर उचलला की फेसाचं टोक उभं राहिलं पाहिजे. पातं केसांच्या दिशेनं, हलक्या हातानं चालवा. दाबायचं मुळीच नाही.

पेटीत जुना ब्रशही निघाला असेल, तर तो मात्र वापरू नका. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंड-अमेरिकेत नीट निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांच्या ब्रशांतून अँथ्रॅक्ससारखा रोग पसरला होता. आज ती भीती नाही, पण वर्षानुवर्षं बंद पेटीत राहिलेल्या, बुरसटलेल्या ब्रशाला गालापाशी का न्यावं? नवा आणावा. दाढी झाली की धुऊन, झटकून वाऱ्यावर वाळवावा. वडीही पाण्यात ठेवू नये.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. झटका आलेल्यांना पुष्कळदा रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतात. त्यांना बारीक कापलं तरी रक्त लवकर थांबत नाही. अशा वेळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पातं लावू नका. कदाचित विजेवरचा रेझरच बरा, असं ते सांगतील. ज्या बाजूला झटका आला, त्या बाजूच्या गालाला कापलेलं कळतही नसेल. तिथे बोटांनी कातडी ताणून, पाहत पाहत हात चालवा. त्यांना आडवं न ठेवता उशीच्या आधारानं बसतं करा. पातं नवं आणि फक्त त्यांचंच असावं. दुसऱ्याचं पातं वापरल्यानं रक्तातून पसरणारी कावीळसुद्धा लागू शकते. वापरलेली पाती झाकणाच्या डब्यात साठवून, डबा बंद करून, वेगळी सांगून कचरेवाल्याला द्या. झाडलोट करणाऱ्या बाईच्या हाताचाही विचार नको का?

आणि शेवटी एक स्पष्टच सांगते. हे काम सुनेनंच केलं पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही. औषधं, पथ्य, कपडे तुम्ही बघताच. आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं मुलानं वडिलांपुढे बसायला काय हरकत आहे? पुष्कळ मामंजींना सुनेपुढे हनुवटी वर करून बसायचा संकोच वाटतो, ते बोलत नाहीत एवढंच. ही कृती तुम्ही वाचा, पण ब्रश यजमानांच्या हाती द्या. आरसा मात्र मामंजींच्या डाव्या हातात असू दे. "इथे राहिलं रे," असं म्हणायचा मान त्यांचाच.

करून पाहा, आणि कसं जमलं ते जरूर कळवा.