एकट्याचा पराक्रम आणि गर्दीचे हसू

मारधाडीच्या आणि विनोदी चित्रपटांवर सुशिक्षितांकडून होणारी टीका बहुधा अभिरुचीच्या अंगाने होते. रक्तपात फार, विनोद पाचकळ, एवढे म्हटले की समीक्षकाचे कर्तव्य संपते. परंतु हे चित्रपट जो पाहतो त्याच्या बाजूने विचार केला, तर प्रश्न अभिरुचीचा राहत नाही, अर्थकारणाचा आणि राजकारणाचा होतो.

वसई-विरारचेच उदाहरण घ्यावे. २००९ साली महानगरपालिका झालेल्या या शहराची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत बारा लाखांवर गेली होती. मुंबईत घर परवडत नाही म्हणून येथे येऊन राहिलेला आणि रोज लोकलच्या दारात लोंबकळणारा मोठा वर्ग त्यात आहे. रविवारी तीन तास विसावा मिळावा, ही त्याची अपेक्षा सर्वथा न्याय्य आहे. त्या तीन तासांत त्याला काय सांगितले जाते, हे मात्र पाहिले पाहिजे.

२०२३च्या ‘जवान’मध्ये शेतकऱ्याचे कर्ज आणि सरकारी रुग्णालयांची दुर्दशा हे विषय आले, ही स्वागतार्ह गोष्ट होती. नायक अखेरीस मतदारांना प्रश्न विचारण्याचे आवाहनही करतो. पण तोपर्यंतचे प्रश्न मेट्रो गाडी ओलीस धरण्यासारख्या मार्गांनीच सुटलेले असतात! ‘पुष्पा’चा नायक रक्तचंदन वाहणारा मजूर, २०२४च्या दुसऱ्या भागापर्यंत तो तस्करीच्या साम्राज्याचा धनी झालेला आहे. मजूर मालक झाला, मजुरी मात्र होती तेथेच राहिली. त्याच वर्षीच्या ‘सिंघम अगेन’मध्ये पोलीस अधिकाऱ्याला थेट रामकथेचे वलय दिले गेले. मुंबई उच्च न्यायालयाचे तत्कालीन न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी सप्टेंबर २०२३मध्ये ‘सिंघम’सारख्या चित्रपटांतून घातक संदेश जातो, असा इशारा दिला होता. न्यायालयांना कुचकामी ठरवून वर्दीतल्या एकट्याने न्याय करावा, या कल्पनेला टाळ्या पडतात. त्या टाळ्यांची किंमत उद्या टाळ्या वाजविणाऱ्या गरिबालाच मोजावी लागेल. कारण कायदा बाजूला सारला की पहिला बळी दुर्बळाचा जातो.

वसईकरांचा स्वतःचा अनुभव याहून निराळा आहे. शेती, विहिरी आणि हिरवा पट्टा वाचविण्यासाठी येथे हरित वसईचे आंदोलन उभे राहिले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे नेतृत्व त्यास लाभले. पण त्याची खरी शक्ती मोर्च्यात चालणाऱ्या सामान्य स्त्री-पुरुषांची होती. त्या लढ्यास पूर्ण यश आले नाही, हे आजच्या इमारती सांगतातच. तरीही जे वाचले ते संघटनेमुळे वाचले, कोणा एकाच्या ठोशामुळे नव्हे. असा नायक पडद्यावर क्वचितच येतो, कारण गर्दीला ‘स्टार’चे मानधन देता येत नाही आणि तिच्या नावावर तिकिटेही विकता येत नाहीत.

विनोदाची कहाणी अधिक खेदजनक आहे. निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके ही मंडळी राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकांतून घडली. सत्ताधाऱ्याची टोपी उडविणे हा त्या विनोदाचा धर्म होता. १९८८चा ‘अशी ही बनवाबनवी’ निव्वळ करमणुकीचा. तरी त्यातील सारा गोंधळ पुण्यात भाड्याची खोली मिळत नाही यातूनच निर्माण होतो. म्हणून विरारच्या प्रेक्षकाला ते हसू आजही आपले वाटते. उलट जून २०२५मधील ‘हाऊसफुल ५’ अब्जाधीशाच्या वारसाहक्कासाठी आलिशान जहाजावर चाललेल्या धांदलीत रमतो आणि दोन वेगळे शेवट असलेल्या दोन आवृत्त्या काढून प्रेक्षकाने दोनदा तिकीट काढावे अशी सोय करतो. येथे विनोद कोणाचा झाला, हे सांगावयास नको!

आता किमतीविषयी. सप्टेंबर २०२५मध्ये शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरील जीएसटी बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला. त्यावरील तिकिटांवर अठरा टक्के कायम राहिला. निर्णय चांगला, पण मल्टिप्लेक्समध्ये शंभर रुपयांचे तिकीट शोधावयाचे कोठे? चौघांच्या कुटुंबाने अडीचशेची तिकिटे काढली तरी हजार रुपये जातात. त्याच महिन्यात कर्नाटकाने दोनशे रुपयांची कमाल मर्यादा घातली आणि उच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. तामिळनाडूत मात्र तिकीटदरांचे नियमन दीर्घकाळ चालत आलेले आहे. महाराष्ट्राने निदान प्रत्येक पडद्यावर काही स्वस्त आसने सक्तीची करावीत, आणि महानगरपालिकांनी आपली सभागृहे अल्प दरात चित्रपटांसाठी खुली करावीत.

बंदी किंवा कात्री हा समाजवाद्यांचा मार्ग नव्हे. श्रमिकाला हसण्याचा, टाळ्या वाजविण्याचा पूर्ण हक्क आहे. त्या हक्काची किंमत त्याच्या खिशाला झेपावी आणि आपला प्रश्न दुसरा कोणी एकटा सोडवील या गुंगीत त्याने चित्रपटगृहाबाहेर पडू नये, यासाठी प्रयत्न करणे हे चळवळीचे काम आहे. कलापथके पुन्हा वस्त्यांत गेली, तर त्याची सुरुवात होईल.