पट्टी गळ्याची की पेटीची?

गायनाच्या परीक्षा जवळ आल्या की माझ्या दवाखान्यात घसा बसलेली मुले येऊ लागतात. वर्षातून दोनदा हा हंगाम येतो. बहुतेकांना साधी सर्दी असते किंवा आठवडाभरात केलेला वर्षाचा रियाज असतो. चार दिवस गळ्याला विश्रांती, भरपूर पाणी आणि थोडा वाफारा एवढ्यावर ती बरी होतात.

मागच्या हंगामात मात्र एक चौदा वर्षांचा मुलगा आला, तो वेगळा होता. आईने सांगितले, ‘‘डॉक्टर, याचा आवाजच गेलाय. प्रवेशिका पूर्णची परीक्षा तीन आठवड्यांवर आली आहे. काहीतरी जोरदार औषध द्या.’’ मी दुर्बिणीतून स्वरयंत्र पाहिले. सूज नाही, गाठ नाही. थोडी लाली होती, पण मुख्य गोष्ट अशी की मुलाला कंठ फुटत होता. यात आजार काहीच नव्हता.

मुलगा गप्प होता. आईला बाहेर बसवून विचारले तेव्हा बोलला. क्लासमध्ये सगळे काळी चारमध्ये गातात. तार षड्जावर याचा आवाज फाटतो आणि मागच्या रांगेतल्या मुली हसतात. बाई म्हणाल्या, ‘‘आता वर्ष-दोन वर्षे गाऊ नकोस, आवाज बसला की ये.’’ परीक्षेची फी भरून झालेली, त्यामुळे घरी सांगायची सोय नाही. माझ्या मोबाइलवर तानपुरा आहे, तो लावला आणि पट्टी हळूहळू खाली आणत गेलो. म्हटले, ‘‘तुला जिथे सोपे वाटेल तिथे सा लाव.’’ काळी एकपाशी त्याने सा लावला. स्वच्छ, न थरथरता. आई दार ढकलून आत आली, कोण गातेय ते बघायला.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी या वयाचा मुलगा आहे त्यांनी हे नीट समजून घ्यावे. साधारण बारा ते पंधरा या वयात मुलाचे स्वरयंत्र झपाट्याने वाढते. गळ्यासमोर कंठमणी दिसू लागतो तो त्यामुळेच. आतले स्वरतंतू लांब आणि जाड होतात. सतारीची लांब, जाड तार खालचा स्वर देते, तसेच हे आहे. लहान मुलाचे स्वरतंतू बोलताना सेकंदाला अडीचशे ते तीनशे वेळा थरथरतात. वयात आलेल्या पुरुषाचे शंभर ते एकशे तीस वेळा. म्हणजे आवाज जवळजवळ एक सप्तक खाली येतो. मुलींचाही आवाज या वयात उतरतो, पण दोन-तीन स्वरच, म्हणून ते कोणाच्या ध्यानात येत नाही. मुलाची अडचण अशी की यंत्र नवे झाले तरी ते चालवणारी सवय जुनीच असते. स्नायूंना जुन्या अंदाजाने ताण देण्याची खोड असते आणि म्हणून आवाज मध्येच फाटतो. काही महिन्यांत, कधी वर्ष-दीड वर्षात, हे आपोआप जमून येते.

या काळात त्याला काळी चारमध्ये तार षड्ज लावायला सांगणे म्हणजे धाकट्या भावाची चप्पल घालून पळायला लावण्यासारखे आहे.

आता मूळ मुद्दा. आपल्या संगीतात षड्ज ठरावीक नाही. यमनला अमुक पट्टी आणि भूपाला तमुक असा नियम कुठल्याही पुस्तकात नाही. गाणारा आपला सा ठरवतो आणि बाकीचे स्वर त्याच्यामागून येतात. इतकी मोठी सोय आपल्या संगीताने गळ्याला दिलेली असताना, गावोगावच्या गायन क्लासात मात्र सा ठरवते ती पेटी. माझे स्पष्ट मत आहे की मुलांच्या घशाच्या निम्म्या तक्रारी इथे सुरू होतात.

क्लासपद्धतीला माझा विरोध आहे असे कोणी समजू नये. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, तोवर गाणे शिकायचे म्हणजे गुरूच्या घरी वर्षानुवर्षे राहायचे. पलुस्करांनी वर्ग भरवले, स्वरलेखन आणले, परीक्षा आणल्या. १९३१ साली ते गेल्यावर शिष्यांनी मंडळ स्थापून ते काम पुढे नेले. आज तालुक्याच्या गावात शिक्षकाची, कंडक्टरची, भाजीवालीची मुलगी सतरंजीवर बसून बंदिश शिकते, ती या माणसामुळे. पण पंचवीस मुले एका खोलीत बसली की पंचवीस षड्ज लावता येत नाहीत. एकत्र शिकण्याबरोबर एकत्र पट्टी आली, आणि ती सोयीची असल्याने कोणी तिच्याकडे पुन्हा पाहिले नाही.

मुलाच्या आईबरोबर मी बाईंना निरोप पाठवला की याला खालच्या पट्टीत गाऊ द्यावे. दोन दिवसांनी बाई स्वतःच आल्या. थोड्या रागावलेल्या होत्या. ‘‘डॉक्टर, तुम्ही एक गळा बघता, मी एका तासाला पंचवीस बघते,’’ म्हणाल्या. क्लासमध्ये मुली जास्त, म्हणून काळी चार. तबला एकच, तो काळी चारचा. काळी एकपर्यंत उतरवला तर शाई नुसती भद्द वाजते. दुसरा तबला घ्यायचा तर संस्थेकडे अर्ज करायचा, तो पुढच्या सभेत येणार. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. मी ऐकत होतो, पण माझे लक्ष शब्दांपेक्षा आवाजाकडे जास्त होते. वाक्याच्या शेवटी आवाज विरत होता, आणि दर दोन वाक्यांनंतर त्या खाकरत होत्या.

‘‘बाई, तुमचा आवाज कधीपासून असा आहे?’’

‘‘गणपतीपासून.’’ म्हणजे तीन महिने.

दुर्बिणीतून पाहिले. दोन्ही स्वरतंतूंवर, पुढच्या एक-तृतीयांश भागाच्या कडेला, समोरासमोर एकेक बारीक गाठ. शिक्षक, गायक, फेरीवाले, कीर्तनकार यांच्यात या गाठी नेहमी सापडतात. फावड्याने हाताला घट्टा पडतो, तसा तंतू एकमेकांवर आपटून पडलेला हा घट्टा. तो कर्करोग नव्हे आणि त्याचा कर्करोग होत नाही. बाईंनी पहिला प्रश्न केला, ‘‘कापावे लागेल का?’’ तसे फार थोड्यांना लागते. विश्रांती, आवाज वापरण्याची पद्धत सुधारणे आणि वाचा-उपचारतज्ज्ञाकडे काही आठवडे शिकणे यांनी बहुतेक गाठी विरघळतात किंवा त्रास न देण्याइतक्या लहान होतात.

‘‘विश्रांती म्हणजे किती?’’

मी महिना सांगितला. बाई हसल्या. चार ते आठ अशा चार तुकड्या, तुकडीमागे मानधन. गप्प बसलेल्या महिन्याचे मानधन कोण देणार? माझ्याकडे याला औषध नव्हते, आजही नाही.

जी पट्टी त्या मुलाला फाडत होती, तीच बाईंनाही. पन्नाशीकडे आलेल्या बाईचा आवाज विशीतल्यापेक्षा खाली आलेला असतो, विशेषतः पाळी जाण्याच्या सुमारास. तरीही त्या वीस वर्षांपूर्वी ठरवलेल्या काळी चारमध्ये, पत्र्याच्या छपराखाली, पंखा, तबला आणि पंचवीस मुले यांच्या वर आवाज काढून रोज चार तास गात होत्या. पुरुष शिक्षकाच्या क्लासमध्ये उलटे घडते. सर आपल्या काळी एकमध्ये पेटी धरतात. मुली तिथे मंद्रात घोगऱ्या होतात किंवा वरच्या सप्तकात जाऊन किंचाळतात. ‘‘रियाजाने आवाज चढतो’’ हे उत्तर मी अनेकदा ऐकले आहे. रियाजाने आवाजाचा पल्ला वाढतो, दमसास वाढतो, पण स्वरतंतूंची लांबी बदलत नाही. मानेच्या शिरा फुगत असतील, हनुवटी वर जात असेल, गाऊन झाल्यावर घसा दुखत असेल, तर तो रियाज चुकीच्या पट्टीतला आहे असे खुशाल समजावे.

कंठ फुटताना गाणे सक्तीने बंद करावे, हे जुने मतही मला मान्य नाही. दुखत नसेल आणि आवाज बसलेला नसेल, तर मुलाने खालच्या, सोप्या पट्टीत, थोडा वेळ, जोर न लावता गात राहावे. वरचे स्वर तेवढे सोडून द्यावेत. बाकी वेळ तबला धरावा, पेटी शिकावी, बंदिशी लिहून घ्याव्यात. तेरा-चौदाव्या वर्षी ‘‘दोन वर्षांनी ये’’ म्हणून घरी पाठवलेला मुलगा परत येत नाही. तोवर दहावी आलेली असते. आमच्या गावातल्या कुठल्याही क्लासच्या प्रारंभिकच्या तुकडीत मुलगे मोजा आणि मग विशारदच्या तुकडीत मोजा.

आवाज बदलला म्हणजे गाणे गेले असेही नाही. गंगूबाई हनगलांचा गळ्यावरच्या उपचारानंतर आवाज कायमचा भारदस्त, जवळजवळ पुरुषी झाला. त्यांनी पूर्वीची पट्टी कवटाळली नाही. आहे त्या आवाजात गायल्या आणि तीच त्यांची ओळख झाली.

संस्थाचालकांना मला दोन शब्द सांगायचे आहेत. वार्षिक संमेलनाला मखमली पडदा येतो, पाहुण्यांना शाल-श्रीफळ मिळते. दुसरा तबला आणि शिक्षकाच्या गळ्यासाठी वर्षाला पंधरा दिवस भरपगारी रजा याचा खर्च त्याहून फार मोठा नसावा. वेल्डिंगच्या कारखान्यात कामगाराला काळा चष्मा देतात, ते उपकार म्हणून नव्हे.

बाईंनी पूर्ण विश्रांती घेतली नाहीच. आम्ही जमेल तेवढे केले. लहान ध्वनिक्षेपक आला, तो एका पालकाने दिला. नवा पलटा बाई एकदाच गातात, मग पेटीवर वाजवतात, आणि वरच्या वर्गातली एक मुलगी पुढे म्हणते. मुले रांगांऐवजी अर्धवर्तुळात बसतात, त्यामुळे मागच्यांसाठी ओरडावे लागत नाही. शांत बसवायला टाळी वाजवतात. खाकरणे बंद, त्याऐवजी घोटभर पाणी. कुजबुजही बंद, कारण कुजबुजताना गळ्यावर ताण येतो आणि विश्रांती मिळत नाही. तुकड्या मात्र त्यांनी स्वतःच्या कल्पनेने बदलल्या: परीक्षेप्रमाणे नव्हे तर गळ्याप्रमाणे, एक काळी चारची, एक पांढरी सहाची आणि शनिवारी कंठ फुटणाऱ्या पोरांची एक. त्या तुकडीत आता चौघे आहेत.

दही, चिंच, केळी गायकाने खावीत का, असे पुष्कळजण विचारतात. अन्न स्वरतंतूंवरून जात नाही, ते मागच्या अन्ननलिकेतून जाते. ज्याला ज्याने त्रास होतो त्याने ते टाळावे, इतकेच. रात्री उशिरा तिखट जेवून लगेच आडवे होणे अधिक वाईट. आम्ल वर येऊन स्वरयंत्र भाजते. ज्येष्ठमध, खडीसाखर घशाला बरे वाटायला चांगली, पण त्यांनी गाठ जात नाही. आणि आवाज तीन आठवड्यांहून अधिक बसलेला असेल, त्यातून तंबाखू, विडी, सिगारेटचे व्यसन असेल, तर घरगुती उपायांत दिवस न घालवता स्वरयंत्र तपासून घ्यावे. कर्करोगाची पहिली खूण पुष्कळदा एवढीच असते.

बाईंची एक गाठ गेली, दुसरी लहान झाली आहे. मुलगा परीक्षेला काळी एकमध्ये बसला. त्या पट्टीचा तबला मारुतीच्या देवळातल्या भजनी मंडळाकडून मागून आणला होता. तार षड्जावर आवाज एकदा फाटलाच, असे त्याची आई सांगत होती. तो परीक्षकांकडे बघून हसला आणि तान पुन्हा घेतली. निकाल अजून लागायचा आहे.