खडीच्या वाटेची सायकल इथेच बांधा

पेण, नागोठणे, रोहा या बाजूला डांबर, खडी आणि शेताची वाट अशा सगळ्यांवर चालणारी सायकल मुंबईहून तयार आणली की आपल्या मिस्त्रीला फक्त पंक्चरचे काम उरते. ती इथेच बांधून घ्यावी. जुनी स्टीलची फ्रेम वेल्डिंगवाला सुधारू शकतो, ॲल्युमिनियमची अवघड. टायर ४० मिलिमीटर रुंद हवा, फोर्कात चिखलापुरती मोकळी जागा हवी. रिम मात्र मोजून घ्या. जुनी २८ बाय दीडची ६३५ मिलिमीटर, ७०० सीची ६२२. बाजारात दोन्ही अठ्ठावीसच, पण एकीचा टायर दुसरीवर बसत नाही. सामानाच्या पिशव्या तर आपल्या शिलाईवाल्यांचेच काम. मी कापडवाला, म्हणून सांगतो, ताडपत्री जाड घ्या आणि नायलॉनच्या धाग्याने शिवा. सुती धागा कोकणच्या पावसात आधी कुजतो.