कोणती आर्द्रता? कोणतें परिमाण?

हवेंतील वायूंची चाहूल देणारे लहानसे सेन्सर विज्ञान-प्रदर्शनाच्या दिवसांत आतां शाळाशाळांतून दिसूं लागले आहेत. ते चालविण्याचा प्रोग्रॅम विद्यार्थ्यांस मुळापासून लिहावा लागत नाहीं. कोणीं तरी तो आधींच लिहून सर्वांस मोकळा ठेविलेला असतो. वाटेल त्यानें घ्यावा, वाचावा, सुधारावा. यास ओपन सोर्स म्हणतात, आणि ही चाल आम्हांस मनापासून मान्य आहे. परंतु प्रोग्रॅमाबरोबर जी वापराची माहिती द्यावयाची असते, तिच्याविषयीं लिहिणारे फार कंजूष असतात, आणि त्या कंजूषपणाची झळ दमट मुलुखांत राहणाऱ्या लोकांस अधिक लागते, असें आमचें मत आहे.

या जातीच्या सेन्सरांत धातूच्या ऑक्साइडाचा थर तापवून ठेविलेला असतो. जपानांतील नाओयोशी तागुची यांनीं अशा सेन्सरच्या पेटंटासाठीं १९६२ सालीं अर्ज केला होता. तापलेल्या कणांवर हवेंतला ऑक्सिजन चिकटतो आणि विजेच्या वाटेंतील अडथळा वाढतो; स्वयंपाकाचा गॅस किंवा मद्यार्काची वाफ आली म्हणजे तो ऑक्सिजन खर्ची पडून अडथळा उतरतो. अडचण अशी कीं, पाण्याच्या वाफेनेंहि हाच अडथळा उतरतो. गॅस कोणता आणि पावसाळी हवा कोणती, हें सेन्सरला आपण होऊन कळत नाहीं. म्हणून हवेंत बाष्प किती आहे हें त्यास बाहेरून सांगावें लागतें. यालाच आर्द्रतेची भरपाई म्हणूं.

आतां उदाहरणादाखल स्वित्झर्लंडमधील सेन्सिरियन कंपनीचा एसजीपी३० हा सेन्सर घेऊं. कंपनी आतां नव्या जातींकडे वळली असली, तरी हौशी मंडळींच्या हातीं हा पुष्कळ आहे. त्यास सांगावयाची आर्द्रता ही वर्तमानपत्रांत टक्क्यांनीं छापून येणारी सापेक्ष आर्द्रता नव्हे. त्यास निरपेक्ष आर्द्रता हवी. म्हणजे एक घनमीटर हवेंत बाष्प किती ग्रॅम आहे तें. दोहोंतील अंतर लहान नाहीं. वैशाखांतील नागपूरची एखादी दुपार ४२ अंशांची व १५ टक्के आर्द्रतेची धरा, आणि पौषांतील नाशिकची एखादी पहाट १० अंशांची व ९० टक्क्यांची धरा. एक कोरडी ठणठणीत, दुसरी दंवानें भिजलेली. पण ४२ अंशांस घनमीटरभर हवेंत फार तर ५६ ग्रॅम बाष्प मावतें, १० अंशांस अवघें ९.४. गुणाकार करून पाहावा : दोन्हीं ठिकाणीं बाष्प सुमारें ८.४ ग्रॅमच निघतें!

आपण कांहींच सांगितलें नाहीं, तर हा सेन्सर ११.५७ ग्रॅम धरून चालतो. ही साधारणपणें २५ अंश व ५० टक्क्यांची, खोलींतील सुखाची हवा होय. रत्नागिरीकडे श्रावणांत २८ अंश व ९० टक्के असले, तर बाष्प २४.४ ग्रॅम भरतें. म्हणजे दुपटीहून अधिक.

हा २४.४ चा आंकडा सेन्सरला कसा कळवावा? येथें खरी गंमत आहे. अ‍ॅडाफ्रूट या अमेरिकन संस्थेच्या आर्डुइनो लायब्ररींतील आज्ञा मिलिग्रॅम मागते, म्हणून २४४०० द्यावे. तिच्याच सर्किटपायथन लायब्ररींत ग्रॅम द्यावयाचे. स्पार्कफनच्या लायब्ररींत ग्रॅमांस २५६ नें गुणून येणारा पूर्णांक द्यावयाचा, म्हणजे ६२४६. प्रत्येक रीत आपल्या जागीं बरोबर आहे, कोणास दोष देण्याचें कारण नाहीं. परंतु एकीचा आंकडा दुसरीस दिला तर काय होतें तें पाहा. २४४०० हा आंकडा स्पार्कफनच्या रीतीनें ९५ ग्रॅमांवर जातो, आणि २८ अंशांच्या हवेंत तर २७ ग्रॅमांहून अधिक बाष्प मावतच नाहीं. तरीहि यंत्र मुकाट्यानें आंकडे दाखवीत राहतें. अ‍ॅडाफ्रूटच्या नमुन्यांत भरपाईच्या ओळी लिहिलेल्या आहेत, पण टीप म्हणून निजवून ठेविलेल्या, उदाहरणास २२.१ अंश व ४५.२ टक्के घेतले आहेत. त्या ओळी जाग्या करून हे आंकडे न बदलणारा विद्यार्थी भर पावसाळ्यांत सेन्सरला ८.८ ग्रॅम सांगत बसतो. त्यापेक्षां कांहींच न सांगणें बरें.

कोणी म्हणेल, कंपनीचें माहितीपत्रक आहे, ज्यास गरज असेल त्यानें तें वाचावें. हें म्हणणें आम्हांस पटत नाहीं. माहितीपत्रक सेन्सरला काय हवें तें सांगतें. मधली लायब्ररी तुमच्याकडून काय मागते, हें त्यास कोठून ठाऊक असणार? तें लायब्ररीच्या कर्त्यानेंच सांगितलें पाहिजे. आर्द्रता निरपेक्ष कीं सापेक्ष, परिमाण कोणतें, न सांगितल्यास काय धरलें जातें, आणि वीज गेल्यावर सेन्सर सांगितलेलें विसरतो कीं काय (हा विसरतो). आणखी एक गोष्ट सहसा कोणी लिहीत नाहीं. उष्णतामान व टक्के एकाच जागचे हवेत. २८ अंशांची हवा यंत्राच्या उबेनें ३२ अंशांची दिसली, आणि टक्के मात्र बाहेरचे ९० घेतले, तर २४ ग्रॅमांचे ३० होतात. शिवाय जुनी माहिती नव्या सेन्सरला तशीच चिकटवूं नये. त्याच कंपनीच्या एसजीपी४० ला सापेक्ष आर्द्रता व उष्णतामान द्यावें लागतें. हें सर्व मराठींत आणावें असें कांहीं मित्र म्हणतात. अवश्य आणावें, पण मूळांत परिमाणच नसेल तर भाषांतरांत तें येणार कोठून?

पालकांस हा विषय दूरचा वाटेल. परंतु श्रावणांत मुलानें यंत्र स्वयंपाकघरांत ठेवून "आई, येथें विषारी हवा आहे" असें सांगितलें, तर तो धूर कीं नुसता दमटपणा, हें त्या घरानें कसें ठरवावें? आणि दोन वेळां खोटी हांक ऐकल्यावर तिसऱ्या वेळची खरी हांक कोण ऐकेल? असा प्रश्न ज्या माहितीवर अवलंबून आहे, ती नीट लिहिणें हें कारकुनी काम समजतात, याचें आम्हांस नवल वाटतें. प्रदर्शनांत दिवे लागणाऱ्या यंत्रास बक्षीस मिळतें. त्याच्या शेजारच्या कागदाकडे परीक्षक पाहतहि नाहींत. आमच्या मतें निम्मे गुण त्या कागदास असावे.

हें काम मुलांस करण्याजोगें आहे. ज्यास प्रोग्रॅम रचतां येत नाहीं पण चार वाक्यें शुद्ध लिहितां येतात, त्यासहि तें साधेल. येत्या जूनपासून सप्टेंबरपर्यंत इयत्ता नववीच्या मुलांनीं एकसारखे दोन सेन्सर शेजारीं शेजारीं ठेवावे, एकास खरी आर्द्रता कळवावी, दुसऱ्यास कांहींच कळवूं नये, आणि दोहोंचे आंकडे रोज वहींत उतरावे. वही भरली म्हणजे तिच्या आधारें भरपाईचा एक परिच्छेद इंग्रजींत लिहून लायब्ररीच्या कर्त्यांकडे धाडावा. इंग्रजी तपासून देण्यास आम्ही तयार आहों.